सोळाव्या वर्षी भाषा कुठे जाते?

वेल्स म्हटलं की आपल्याला काय आठवतं? शाळेच्या सहलीत मुंबईला पाहिलेलं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. त्याचं नाव बदलूनही आता बरीच वर्षं झाली. पेपर नीट वाचणाऱ्या मैत्रिणींना पोर्ट टॅलबॉटही आठवेल. टाटा स्टीलने तिथली शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ रोजी विझवली, तेव्हा मुंबईत बसलेल्या कंपनीच्या निर्णयाने साता समुद्रापलीकडच्या एका गावाची चूल कशी हलते, हे आपण वाचलं होतं.

पण आज मला त्या वेल्सबद्दल लिहायचं नाहीये. ते दक्षिणेतलं, भट्ट्यांचं आणि कोळशाच्या खाणींचं वेल्स. मला लिहायचंय ते वायव्य कोपऱ्यातल्या डोंगराळ, पावसाळी वेल्सबद्दल. तिथे दुकानात शिरलेली बाई आधी वेल्शमध्ये बोलते आणि समोरच्याला कळलं नाही तरच इंग्रजीवर येते. इंग्रजीच्या जन्मघराला अगदी भिंतीला भिंत लावून राहणारी, आणि तरीही टिकून राहिलेली ही भाषा! आपल्याकडे "मुलीला इंग्लिश मीडियममध्ये घालू, की मराठीत, की सेमी?" हा प्रश्न दर जूनला घराघरात भांडणं लावतो. या सदरासाठी येणाऱ्या पत्रांतही तो असतोच. म्हणून वाटलं, जिथे हा प्रश्न आपल्यापेक्षा शंभर वर्षं आधी आला आणि जास्त जोरात आला, तिथे काय चाललंय ते बघावं.

बातमी अशी आहे. वेल्सच्या संसदेने मे २०२५ मध्ये वेल्श भाषा आणि शिक्षण कायदा मंजूर केला. २०५० पर्यंत वेल्श बोलणाऱ्यांची संख्या किमान दहा लाख व्हावी, हे उद्दिष्ट आता थेट कायद्यातच आलं. सक्तीचं शिक्षण संपवून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीला वेल्श आत्मविश्वासाने वापरता आली पाहिजे, हेही ठरलं. ऐकायला छानच. पण वेल्समध्ये सक्तीचं शिक्षण संपतं सोळाव्या वर्षी. त्यानंतर काय? शाळेत शिकलेली भाषा सोळाव्या वर्षानंतर जाते कुठे?

याचं उत्तर शोधायचं तर एका कॉलेजकडे बघावं लागतं. एक म्हणण्यापेक्षा बारा ठिकाणी पसरलेल्या कॉलेजांच्या एका कुटुंबाकडे.

तीन कॉलेजं, एक कुटुंब

या कुटुंबाचं नाव ग्रूप लँड्रिलो मेनाई. वेल्शमध्ये दोन 'एल' एकत्र आले की जीभ टाळूला लावून बाजूने हवा सोडावी लागते. तो आवाज देवनागरीत लिहिणं अवघडच, म्हणून आपण साधं लँड्रिलो म्हणू या.

आपल्याकडे दहावीनंतर कुणी अकरावीला जातं, कुणी आयटीआयला, कुणी नर्सिंगचा कोर्स करतं, कुणी शिवणाचा क्लास लावतं. तिकडे यातलं बरंचसं एकाच छपराखाली मिळतं. त्याला ते 'फर्दर एज्युकेशन' म्हणतात. विद्यापीठात जाण्याआधीची परीक्षा देणारी मुलगी, गवंडीकाम शिकणारा मुलगा, पार्लरचा कोर्स करणारी तरुणी आणि मुलं मोठी झाल्यावर संध्याकाळी हिशेब शिकायला येणारी चाळिशीची बाई, सगळे एकाच कॅन्टीनमध्ये चहा पितात. मला ही कल्पना फार आवडते. 'हुशार' आणि 'बाकीचे' अशी वाटणी निदान कॅन्टीनमध्ये तरी होत नाही.

मेरियन-ड्वीव्होर, लँड्रिलो आणि मेनाई ही मुळात तीन वेगळी कॉलेजं. पहिली दोन २०१० मध्ये एकत्र आली, २०१२ मध्ये मेनाईही त्यांना मिळालं आणि हा ग्रूप तयार झाला. ग्विनेद, अँगल्सी बेट, कॉन्वी आणि डेन्बीशर हे त्याचे चार जिल्हे. चारही जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून चार लाखांच्या आतच, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी. ग्रूपचे विद्यार्थी सुमारे वीस हजार. बँगर, लँगेव्हनी, कायर्नार्व्हन, पुल्हेली, डॉलगेल्लाय, रिल, डेन्बी अशा लहान लहान गावांत त्याच्या शाखा आहेत. ग्लिनलिव्हन नावाच्या जुन्या जमीनदारी इस्टेटीवर शेती, जंगल आणि जनावरांचे कोर्स चालतात.

आता यातली गंमत बघा. २०२१ च्या जनगणनेत ग्विनेदमध्ये ६४.४ टक्के आणि अँगल्सीत ५५.८ टक्के लोकांनी वेल्श बोलता येतं असं सांगितलं. कॉन्वीत हा आकडा २५.९ आणि डेन्बीशरमध्ये २२.५. म्हणजे पुल्हेलीच्या शाखेत वेल्श ही व्हरांड्यातली, गप्पांची, भांडणाची भाषा. आणि तासा-दीड तासावरच्या रिलमध्ये ती कानावर पडली तर पडली. एकाच संस्थेला दोन्हीकडे दोन भाषांत शिकवायचंय. एकीकडे आहे ते जपायचं, दुसरीकडे गेलेलं परत आणायचं. घरात एक पोर आजारी आणि एक धडधाकट असलं की आईची जी ओढाताण होते, तशीच ही.

दोष कुणाचा? अर्थात बायकांचा!

ही वेळ आली कशी, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. १८४७ साली इंग्लंडच्या सरकारने वेल्समधल्या शाळांची चौकशी केली. चौकशी करणारे तिघेही इंग्रज, वेल्श न येणारे. त्यांच्या अहवालाच्या निळ्या पुठ्ठ्यांमुळे तो 'ब्लू बुक्स' म्हणून बदनाम झाला. लोक मागासलेले का, तर म्हणे त्यांच्या भाषेमुळे आणि त्यांच्या चर्चमुळे. एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ ठीक. पण या अहवालात वेल्श बायकांच्या चारित्र्यावरही शिंतोडे उडवलेले होते! समाजाला नावं ठेवायची तर सुरुवात बाईपासून करायची, ही रीत सगळीकडे सारखीच दिसते.

त्या काळात कित्येक शाळांमध्ये वेल्श बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायचे. दुसरं कुणी बोलताना सापडलं की तो त्याच्या गळ्यात. दिवसाच्या शेवटी ज्याच्या गळ्यात, त्याला शिक्षा. आपल्याच आईच्या भाषेसाठी मार खाल्लेली ती पिढी मोठी झाल्यावर स्वतःच्या मुलांशी कुठल्या भाषेत बोलेल? १८९१ मध्ये वेल्समधले निम्म्याहून जास्त लोक वेल्श बोलत होते. १९११ मध्ये ते ४३.५ टक्क्यांवर आले आणि २०२१ मध्ये १७.८ टक्क्यांवर, म्हणजे सुमारे ५ लाख ३८ हजार. भाषा आईने टाकली असं म्हणणं सोपं आहे. तिला टाकायला लावलं कुणी, हे कुणी विचारत नाही.

आणि भाषा परत उचलली कुणी, तेही ऐका. ब्रिटनमधलं पहिलं विमेन्स इन्स्टिट्यूट, म्हणजे त्यांच्याकडचं महिला मंडळ, १९१५ मध्ये याच भागात, अँगल्सीच्या लॅन्व्हायरपुल या गावात सुरू झालं. पुढे ही चळवळ सगळ्या ब्रिटनभर पसरली आणि मोठी झाली. मोठी झाल्यावर तिचे कागदपत्र, पावत्या, नियम सगळे इंग्रजीत. १९६७ मध्ये बाला गावाजवळच्या पार्क या खेड्यातल्या बायकांनी विचारलं, आम्ही आपसात वेल्श बोलतो, मग आमचे कागद वेल्शमध्ये का नाहीत? उत्तर मनासारखं मिळालं नाही. तेव्हा त्यांनी वर्गणी थांबवली आणि स्वतःचं मंडळ काढलं. त्याचं नाव 'मेर्खेद अ वौर', म्हणजे पहाटेच्या लेकी. ते मंडळ आजही चालू आहे. बायकांनी फक्त पावतीची भाषा मागितली होती. पण अशा छोट्या वाटणाऱ्या मागण्यांतूनच मोठ्या गोष्टी उभ्या राहतात.

शाळांचंही तसंच. पूर्ण वेल्श माध्यमाची पहिली शाळा १९३९ मध्ये ॲबरिस्टविथला सुरू झाली, ती अवघ्या सात मुलांवर. वेल्श माध्यमाची पहिली माध्यमिक शाळा १९५६ मध्ये सुरू झाली ती कुठे? तर आज जिथे वेल्श क्वचित ऐकू येते, त्या रिलमध्येच. १९७१ मध्ये वेल्श बालवाड्यांची संघटना उभी राहिली आणि गावोगावच्या चर्चच्या हॉलमध्ये, सभागृहांत आया आणि ताया मुलांना घेऊन गाणी म्हणू लागल्या. २०११ च्या कायद्याने वेल्शला राजभाषेचा दर्जा दिला खरा, पण त्याआधी चाळीस वर्षं पायाचे दगड बालवाड्यांमध्ये रचले जात होते.

शाळेत फुललेली भाषा कॉलेजात का कोमेजते?

इतकं सगळं करूनही एक गळती राहून गेली. शाळेत वेल्शमध्ये गणित शिकलेली मुलगी सोळाव्या वर्षी केशभूषेच्या, वायरिंगच्या किंवा बालसंगोपनाच्या कोर्सला जाते आणि पाहता पाहता सगळं इंग्रजीत करायला लागते. का?

कारणं आपल्याला चांगलीच ओळखीची आहेत. एक, पुस्तकं आणि प्रश्नपत्रिका मुख्यतः इंग्रजीत तयार होतात. दोन, शिकवणारा प्लंबर किंवा मेकॅनिक आपल्या कामात पटाईत असतो, पण त्याने स्वतः सगळं इंग्रजीतूनच शिकलेलं असतं. तीन, वर्गात पंधरा मुलं असली आणि त्यातल्या दोघांना वेल्श येत नसलं, तर सौजन्य म्हणून सगळेच इंग्रजीवर येतात. चौथं कारण सगळ्यात खोल रुतलेलं आहे. मुलांनाच वाटतं, "आपलं वेल्श घरगुती आहे, लिहिण्याएवढं शुद्ध नाही." फाड्फाड बोलणारी मुलगी अर्ज लिहायचा म्हटलं की इंग्रजी फॉर्म मागते. आपल्याकडे बँकेत मराठीतून स्लिप भरायला संकोचणाऱ्या किती जणी आहेत, आठवून पाहा. भाषा येत नाही म्हणून नव्हे, तर ती 'ऑफिसची' वाटत नाही म्हणून.

यावर उपाय म्हणून तिथे जे चाललंय, त्यात मला शिकण्यासारखं बरंच दिसतं. बँगरमधले एक शिक्षणतज्ज्ञ केन विल्यम्स यांनी १९९० च्या दशकात एका पद्धतीला नाव दिलं, 'त्राउस्येथी'. म्हणजे एका भाषेत वाचायचं, दुसऱ्या भाषेत बोलायचं किंवा लिहायचं, आणि हे चुकून नव्हे तर ठरवून करायचं. इंग्रजी मॅन्युअल वाचा, त्यावर चर्चा वेल्शमध्ये करा. व्हिडिओ इंग्रजीत पाहा, टिपणं वेल्शमध्ये काढा. दोनदा डोक्यातून गेल्यामुळे गोष्ट पक्की समजते. नुसतं पाठ करून दुसऱ्या भाषेत सांगताच येत नाही, त्यासाठी आधी कळावं लागतं. हाच शब्द पुढे 'ट्रान्सलँग्वेजिंग' म्हणून जगभर गेला. बँगर म्हणजे याच कॉलेजच्या अंगणातलं गाव. आणि गंमत अशी की संध्याकाळी पोराचं इंग्रजी सायन्सचं पुस्तक घेऊन त्याला मराठीत समजावणारी आपली प्रत्येक आई हेच करत असते. तिला त्याचं भारदस्त नाव तेवढं माहीत नसतं.

लँड्रिलो मेनाईमध्ये 'स्गिलियाइथ' नावाचा एक विभाग आहे. दोन भाषांत कसं शिकवायचं, हे तो खुद्द शिक्षकांना शिकवतो. २०११ मध्ये स्थापन झालेली 'कोलेग कमराइग' ही राष्ट्रीय संस्था आधी फक्त विद्यापीठांतल्या वेल्शसाठी काम करायची. पुढे तिच्याकडे अशी कॉलेजं आणि ॲप्रेंटिसही सोपवले गेले. प्राधान्य कशाला दिलं, ते बघण्यासारखं आहे. आरोग्य आणि देखभाल, बालसंगोपन, शेती. कविता किंवा इतिहास नव्हे, तर ज्या कामात माणसाला माणूस लागतो, ती कामं.

दुखतंय कुठे, हे कुठल्या भाषेत सांगायचं?

हे प्राधान्य का, याचं उत्तर एखाद्या म्हाताऱ्या आजीच्या खाटेपाशी मिळतं. ऐंशी वर्षांची आजी, आयुष्यभर शेतावर राहिलेली. इंग्रजी तिला येतं, पण ते नंतर शिकलेलं. स्मृतिभ्रंश झाला की अनेकांच्या बाबतीत नंतर शिकलेली भाषा आधी पुसट होते आणि लहानपणची उरते. मग तहान लागली, दुखतंय, भीती वाटते, हे सगळं ती वेल्शमध्ये सांगते. समोरच्या नर्सला वेल्श येत नसेल तर आजी 'काहीतरी बडबडते' एवढीच नोंद होते.

म्हणून वेल्सच्या सरकारने २०१२ मध्ये 'नुसते शब्द नव्हेत' अशा अर्थाच्या नावाची एक योजना आणली. तिचं मुख्य सूत्र असं की पेशंटने भाषा मागायची वाट बघायची नाही, सेवा देणाऱ्याने आपणहून ती पुढे करायची. हा विचार मला मोलाचा वाटतो. आजारी माणूस हक्क मागण्याच्या स्थितीत नसतो. तो आधीच दबलेला असतो. त्याने "माझ्या भाषेत बोला" असं म्हणावं ही अपेक्षाच क्रूर आहे.

उत्तर वेल्समधल्या सरकारी दवाखान्यांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाला एका नर्सचं नाव दिलेलं आहे. बेट्सी कॅडवालडर तिचं नाव. १७८९ मध्ये बालाजवळ जन्मलेली ही बाई साठी उलटल्यावर क्रिमियाच्या युद्धात जखमींची सेवा करायला गेली, आणि तिथे खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेलशी तिचे खटके उडाले. नाइटिंगेल आपल्या पाठ्यपुस्तकात आली, बेट्सी नाही आली. असो.

मुद्दा असा की आजीशी तिच्या भाषेत बोलणारी मुलगी आभाळातून पडत नाही. ती पुल्हेली, लँगेव्हनी किंवा डॉलगेल्लायच्या वर्गात तयार होते. पेशंटला कुशीवर वळवणं, नाडी पाहणं, औषधाची नोंद ठेवणं हे जर तिने फक्त इंग्रजीतच शिकलं, तर खाटेपाशी तिची जीभ अडखळणारच. तसंच बालवाडीचं. दहा लाख वेल्श बोलणारे हवेत म्हणायचं, आणि तीन वर्षांच्या पोरांशी वेल्शमध्ये बोलणाऱ्या ताया तयार करायच्या नाहीत, तर ते दहा लाख येणार कुठून? म्हणून मी म्हणते, या कायद्याचं खरं ओझं संसदेच्या इमारतीवर नाही. ते सतरा-अठरा वर्षांच्या मुलींच्या खांद्यावर आहे.

आणि इथेच मला एक गोष्ट खटकते. देखभाल आणि बालसंगोपन ही तिकडेही मुख्यतः बायकांची आणि कमी पगाराची कामं आहेत. सरकारने एप्रिल २०२२ पासून देखभाल करणाऱ्यांना कायद्याच्या किमान वेतनापेक्षा थोडं जास्त वेतन मिळावं यासाठी पैसे दिले, ही चांगली गोष्ट. पण दोन भाषांत सेवा देण्याचं कौशल्य ज्या बाईने मिळवलंय, तिच्या पगाराच्या चिठ्ठीत त्याची वेगळी ओळ सहसा नसते. भाषेचा अभिमान सगळ्यांनी मिरवायचा आणि तिचं रोजचं काम स्वस्तात बायकांकडून करून घ्यायचं, हे किती दिवस चालणार? 'मातृभाषा' या शब्दातच मातेने फुकट करावं असं काहीतरी गृहीत धरलेलं असतं का?

एक उलट उदाहरणही आहे. ग्विनेदच्या कौन्सिलचा अंतर्गत कारभार वेल्शमध्ये चालतो. मीटिंग वेल्शमध्ये, टिपणी वेल्शमध्ये. त्यामुळे तिथे नोकरी हवी असेल तर वेल्श कामाला येते. या एका निर्णयाने त्या जिल्ह्यातल्या आई-बापांना जेवढं पटलं असेल, तेवढं शंभर भाषणांनी पटलं नसतं.

बस चुकली की कोर्स चुकला

आता मोठ्या ग्रूपचा हिशेब मांडू या. एकत्र येण्याचे फायदे आहेतच. लहान कॉलेजला न परवडणारी यंत्रं आणता येतात. वेल्शमध्ये शिकवू शकणाऱ्या मोजक्या शिक्षकांना दोन शाखांत काम देता येतं. एका ठिकाणी केलेलं द्विभाषिक साहित्य सगळीकडे वापरता येतं. तिन्ही कॉलेजांनी आपापली जुनी नावं ठेवली, हेही शहाणपणाचं. गावाचा जीव नावात असतो.

पण मोठं झालं की गोष्टी लांब जातात, हेही तेवढंच खरं. एखादा कोर्स फक्त एकाच शाखेत ठेवायचा ठरला, की डोंगरापलीकडच्या मुलीला पहाटेची बस पकडावी लागते. बँगर शहरातली जुनी जागा सोडून अलीकडे कॉलेज गावाबाहेरच्या पार्क मेनाईत गेलं. इमारत नवी, सोयी चांगल्या, पण गावात चालत जाणाऱ्याला आता बस आली. अँगल्सी तर बेटच. मुख्य भूमीला जोडणारे दोन पूल, त्यातला १८२६ चा झुलता पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरक्षिततेसाठी अचानक बंद झाला तो थेट फेब्रुवारी २०२३ मध्ये उघडला. तेवढे महिने सगळी वाहतूक एका पुलावर. 'शिक्षण सगळ्यांना खुलं आहे' या वाक्याचा अर्थ अशा वेळी रस्त्यावर कळतो.

एका गोष्टीसाठी मात्र वेल्सला शाबासकी द्यायला हवी. सोळा ते अठरा वयाच्या गरीब घरच्या मुलांना कॉलेजात टिकून राहण्यासाठी आठवड्याला भत्ता मिळतो. इंग्लंडने तो २०११ मध्ये बंद केला, वेल्सने चालू ठेवला आणि २०२३ मध्ये ३० पौंडांवरून ४० पौंडांवर नेला. अट एकच, हजेरी नीट हवी. रिलसारख्या गावात याचं महत्त्व फार. २०१९ च्या सरकारी निर्देशांकात वेल्समधली सगळ्यात वंचित वस्ती म्हणून जी नोंदली गेली, ती रिलमध्येच आहे. अशा घरात "कॉलेजला जा" म्हणणं आणि "बसच्या भाड्याची सोय आहे, जा" म्हणणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

भाषेला भाकरी हवी

शेवटी प्रश्न येतो तो पोटाचाच. अँगल्सीचं विल्फा अणुवीज केंद्र डिसेंबर २०१५ मध्ये बंद झालं. त्याच्या जागी मोठा नवा प्रकल्प येणार म्हणून आशा लागली होती, तो हिताची कंपनीने २०१९ मध्ये थांबवला. २०२३ मध्ये लँगेव्हनीचा चिकन प्रक्रियेचा कारखाना बंद पडला आणि सातशेहून अधिक लोकांचं काम गेलं. ज्या गावात कॉलेजची शाखा आहे त्याच गावात हे घडलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने छोट्या नव्या अणुभट्ट्यांसाठी विल्फाची निवड जाहीर केली, तेव्हा पुन्हा आशा पालवली. ही कामं बाहेरून आलेल्यांना मिळणार की तिथल्याच मुलामुलींना, हे आज या वर्गांमध्ये कोण काय शिकतंय त्यावर ठरेल.

दुसरीकडे घरांचा प्रश्न. समुद्रकाठची सुंदर गावं, सुट्टीपुरती उघडणारी श्रीमंतांची घरं, आणि स्थानिक तरुण जोडप्याला घर परवडत नाही. ग्विनेदने एप्रिल २०२३ पासून अशा दुसऱ्या घरांवर कौन्सिल टॅक्सच्या दीडपट जादा कर लावला. हे कर आणि भाषेचं काय नातं, असं वाटेल. पण तरुण जोडपं गाव सोडून गेलं की भाषा त्यांच्याबरोबर बॅगेत बसून जाते, आणि परक्या शहरात पोराशी बोलायला तिला सोबत मिळत नाही. २०११ ते २०२१ या दहा वर्षांत ५ ते १५ वयोगटातल्या वेल्श बोलणाऱ्यांचं प्रमाण ४०.३ वरून ३४.३ टक्क्यांवर घसरलं. शाळा होत्या, कायदा होता, टीव्ही चॅनेल होतं, तरीही.

मला विचाराल तर या सगळ्याचं सार एवढंच की भाषा फक्त बालगीतांनी जगत नाही. ती जगते मोटार दुरुस्त करताना, इंजेक्शन देताना, वायर जोडताना, जमा-खर्च मांडताना. सहाव्या वर्षी भाषा आईच्या हातात असते, पण सोळाव्या वर्षी ती कॉलेजच्या, मालकाच्या आणि सरकारच्या हातात जाते. तिथे तिला दार उघडं मिळालं नाही, तर दोष आईच्या माथी मारू नये.

आणि वेल्सने दोन भाषांचं भांडण लावलं नाही, हेही लक्षात घेण्यासारखं आहे. पुल्हेलीच्या मुलीला इंग्रजी येतंच, ते तिच्याकडून कुणी काढून घेत नाही. तिला हवंय ते इतकंच की इंग्रजी शिकण्याची किंमत म्हणून तिची स्वतःची भाषा मागितली जाऊ नये. या जूनमध्ये घरात माध्यमाचा प्रश्न निघाला, तर मुलीला कुठल्या शाळेत घालायचं एवढ्यावरच थांबू नका. दहावीनंतर तिच्या भाषेत तिला काय शिकता येईल, कुठल्या कामात ती भाषा वापरता येईल, हेही विचारा. घरात विचारा आणि मतं मागायला दारात येतात त्यांनाही विचारा. पार्क खेड्यातल्या बायकांनी सुरुवात एका पावतीपासूनच केली होती.